गुडघ्याचे अंश आणि सैनिकाचा शब्द : अमेरिकेतील अपंगत्व-अनुसूचीचे एक चिकित्सक वाचन

प्रस्तावना

शासनव्यवहारातील मजकुराकडे साहित्याच्या अभ्यासकाने वळावे काय, असा प्रश्न आपल्याकडे अधूनमधून विचारला जातो. एम.फिल.च्या प्रबंधासाठी वसाहतकालीन महसुली कागदपत्रांची भाषा वाचत असताना प्रस्तुत लेखकाला या प्रश्नाचे उत्तर मिळाले होते. ज्या मजकुरामुळे माणसाच्या पदरात पैसा पडतो किंवा पडत नाही, तो मजकूर कवितेइतक्याच बारकाईने वाचावा लागतो. कारण त्यातील एखादे विशेषण चुकले तर कोणाची तरी चूल त्या प्रमाणात मंद होते. प्रस्तुत लेखात अशाच एका मजकुराचे वाचन करावयाचे आहे. अमेरिकेच्या संघीय नियमसंहितेतील अडतिसाव्या शीर्षकाचा चौथा भाग म्हणजे माजी सैनिकांच्या अपंगत्वाची टक्केवारी ठरविणारी अनुसूची होय. तीतही येथे केवळ गुडघ्याच्या नोंदींचा विचार केला आहे.

गुडघाच का, तर त्या देशातील माजी सैनिकांना मिळणाऱ्या भरपाईत गुडघ्याचे स्थान फार वरचे आहे. तेथील माजी सैनिक विभागाच्या अलीकडील वार्षिक अहवालांत कानात सतत आवाज येण्याच्या तक्रारीखालोखाल ज्या मोजक्या तक्रारी येतात, त्यांत ‘गुडघा पुरेसा न दुमडणे’ ही एक आहे. पाठीवरचे ओझे, हवाई छत्रीने मारलेल्या उड्या, जहाजावरच्या उभ्या शिड्या, वर्षानुवर्षांची दौड या सर्वांचा हिशेब अखेरीस गुडघ्याच्या नावे मांडला जातो. युद्धात न गेलेल्या सैनिकाचाही गुडघा सेवेत झिजतो. त्यामुळे ही नोंद वीरकथेची नसून नोकरीची आहे, आणि म्हणूनच ती अधिक अभ्यसनीय आहे.

या वाचनातून जे हाती लागले ते आरंभीच सांगणे योग्य ठरेल. सैनिकाचे म्हणणे पुरावा म्हणून ग्राह्य आहे, असे तेथील कायदा सांगतो. परंतु टक्केवारी ठरविण्याची वेळ आली की अनुसूचीला ते म्हणणे थेट समजत नाही. ते कोनाच्या अंशात, तपासणाऱ्याच्या विशेषणात किंवा डॉक्टरच्या चिठ्ठीत उतरले तरच ती त्याची दखल घेते. न्यायालयांनी गेल्या तीस वर्षांत सैनिकाचा शब्द वारंवार या मजकुरात परत आणला. मात्र प्रत्येक वेळी तो नव्या मापात बसवूनच आत घ्यावा लागला.

अनुसूचीची घडण

आजच्या अनुसूचीचा पाया १९४५ चा आहे. त्यापूर्वी १९२१, १९२५ आणि १९३३ या वर्षी निरनिराळ्या अनुसूची झाल्या होत्या. मूळ कायद्याचे सूत्र असे की, टक्केवारी ही विशिष्ट इजेमुळे कमाईच्या क्षमतेत सरासरीने येणाऱ्या घटीवर आधारलेली असावी. येथे ‘सरासरीने’ हा शब्द महत्त्वाचा आहे. अमुक एका सैनिकाची नोकरी गेली की राहिली, हे अनुसूची पाहत नाही. अशी इजा झालेल्या माणसाचे सर्वसाधारणपणे किती नुकसान होते, एवढेच ती गृहीत धरते. लंगडत जाऊन वकिली करणारा आणि लंगडत जाऊन विटा वाहणारा या दोघांना तिच्या लेखी एकच गुडघा असतो. यात एक प्रकारचा न्याय आहे हे नाकारता येणार नाही. पण तो शिवणयंत्राच्या टाक्यासारखा, सर्वांना सारखाच न्याय आहे.

गुडघ्यासाठी ५२५६ ते ५२६३ असे आठ संकेतांक आहेत, आणि कृत्रिम सांध्यासाठी ५०५५ हा वेगळा. सांधा कायमचा गोठला असल्यास तो कोणत्या कोनात गोठला यावरून ३० ते ६० टक्के मिळतात. जवळजवळ सरळ पाय गोठला तर ३० टक्के. त्या अवस्थेला अनुसूची ‘अनुकूल’ म्हणते. ज्याचा पाय कधीच दुमडणार नाही, त्याच्या स्थितीला हे विशेषण लावताना लेखणी क्षणभर तरी अडखळली असेल काय, असा विचार मनात येतो. गुडघ्यातील गादी निसटून सांधा वारंवार अडकत असेल, दुखत असेल व त्यात पाणी होत असेल तर २० टक्के; ती गादी काढून टाकल्यावरही त्रास उरला असेल तर १०. बहुसंख्य दावे मात्र दोन संकेतांकांवर येऊन थांबतात : ५२६०, म्हणजे गुडघा दुमडण्याची मर्यादा, आणि ५२६१, म्हणजे पाय सरळ करण्याची मर्यादा.

अंशांचे राज्य

अनुसूचीच्या मते निरोगी गुडघा शून्यापासून १४० अंशांपर्यंत दुमडतो. गोनिओमीटर नावाच्या, कंपासपेटीतील कोनमापकाची आठवण करून देणाऱ्या साधनाने हा कोन मोजतात. दुमडणे ४५ अंशांवर थांबले तर १० टक्के, ३० अंशांवर थांबले तर २०, आणि १५ अंशांवर थांबले तर ३० टक्के. आणि ६० अंशांवर थांबले तर? शून्य टक्के.

या शून्यापाशी थोडे थांबले पाहिजे. सपाट जमिनीवर नेहमीच्या चालीने चालताना पाऊल पुढे टाकण्याच्या क्षणी गुडघा साधारण ६० ते ७० अंश दुमडतो. जिना चढताना ८० अंशांच्या वर आणि खुर्चीत बसताना ९० च्या आसपास दुमडावा लागतो. बुटाची नाडी बांधायची तर १०० अंशांच्याही पुढे जावे लागते. म्हणजे ज्याचा गुडघा ६० अंशांपलीकडे दुमडत नाही, त्याला जिना नीट चढता येत नाही, खुर्चीत बसल्यावर पाय पुढे लांब करूनच ठेवावा लागतो, चित्रपटगृहात किंवा बसमध्ये दोन रांगांच्या मधली जागा त्याला पुरत नाही. आणि त्याच्या नावापुढे केवळ अंशांच्या आधारे मांडलेला आकडा शून्य असतो. मांडी घालून वा उकिडवे बसणाऱ्या आपल्या समाजात हे कोष्टक लिहिले गेले असते तर शून्याची रेघ नक्कीच वेगळ्या जागी पडली असती. पण खुर्ची-टेबलाच्या समाजातही ती पडावयास हवी होती तेथे पडलेली नाही.

याउलट पाय सरळ न होण्याकडे अनुसूची अधिक गांभीर्याने पाहते. पाच अंशांची उणीव असेल तर शून्य, दहा अंशांना १० टक्के, पंधराला २०, विसाला ३०, तिसाला ४० आणि पंचेचाळीसला ५०. दोन्ही रकाने शेजारी ठेवून वाचले की या मजकुरामागे उभा असलेला माणूस दिसू लागतो. पाय सरळ झाला नाही तर माणसाला त्यावर भार देऊन तासन् तास उभे राहता येत नाही. दुमडला नाही तरी उभे राहता येते. कोष्टकाच्या मनातील कामगार हा यंत्रापाशी उभा राहून काम करणारा आहे. हा अर्थ प्रस्तुत लेखकाने लावलेला आहे, अनुसूची तसे कोठेही म्हणत नाही. परंतु १९४५ च्या कारखानदारीचा विचार करता तो वावगा ठरू नये. बसून काम करणारा, मोटार चालविणारा, लहान मुलाला उचलण्यासाठी खाली वाकणारा माणूस त्या कोष्टकात नाही. २००७ मध्ये अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीने या अनुसूचीचा बराच भाग वैद्यकीयदृष्ट्या कालबाह्य झाला असल्याचे नमूद केले. केवळ कमाईतील घट न पाहता कामाबाहेरच्या जगण्यातील नुकसानाचीही भरपाई असावी, असेही त्या समितीने सुचविले होते. यांपैकी दुसरी सूचना कागदावरच राहिली.

वेदनेचे भाषांतर

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. अनुसूचीत वेदनेला स्थान नाही असे म्हणणे चुकीचे ठरेल, कारण कोष्टकाच्या आधी येणाऱ्या सर्वसाधारण नियमांत वेदना आहे, आणि ठळकपणे आहे. वापरताना दुखणारा अवयव हा गंभीररीत्या निकामी मानावा, असा चाळिसाव्या नियमाचा आशय आहे. एकोणसाठाव्या नियमाने दुखऱ्या सांध्याला किमान भरपाईयोग्य टक्केवारी देऊ केली आहे. म्हणजे ६० अंशांवर थांबणारा गुडघा दुखत असेल, आणि असा गुडघा बहुधा दुखतोच, तर त्याला शून्याऐवजी १० टक्के मिळू शकतात. हे मान्य केलेच पाहिजे.

पण ही वेदना ओळखायची कशी, याविषयी हे नियम जे सांगतात ते पाहण्यासारखे आहे. वेदनेला पुरेशा शारीरिक विकृतीचा आधार असावा आणि हालचाल करताना दावेदाराच्या दृश्य वर्तनातून ती प्रकट व्हावी, अशी अपेक्षा आहे. सांधा दाबला किंवा हलविला असता चेहऱ्यावर उमटणारे भाव, कळ येऊन अंग चोरणे, यांची काळजीपूर्वक नोंद घ्यावी, असे तपासणाऱ्यास सुचविले आहे. थोडक्यात, वेदना सांगायची नाही, दाखवायची. ज्या संस्थेने तरुण वयात या माणसाला कळ दाबून पुढे चालायला शिकविले, तीच राजसत्ता चाळिशीत त्याला तपासणीच्या खोलीत बसवून त्याचा चेहरा कळ दाखवतो की नाही हे पाहते. चांगला सैनिक या परीक्षेत नापास होण्याचीच शक्यता अधिक.

१९८८ पर्यंत या साऱ्याविरुद्ध न्यायालयात जाण्याचा मार्ग जवळपास बंदच होता. त्या वर्षीच्या कायद्याने माजी सैनिकांच्या अपिलांसाठी स्वतंत्र न्यायालय निर्माण झाले, आणि पुढील सात वर्षांतच त्याने डीलुका विरुद्ध ब्राउन (१९९५) हा निर्णय दिला. सांध्याची तपासणी करताना केवळ कोन मोजून भागणार नाही; वेदना, अशक्तपणा, लवकर थकणे, हालचालीतील विसंगती आणि दुखणे उफाळून येण्याच्या काळातील स्थिती यांचाही विचार झाला पाहिजे, असे न्यायालयाने बजावले. अनेक अभ्यासक या निर्णयाकडे वेदनेचा विजय म्हणून पाहतात. तसे पाहण्यास हरकत नाही. मात्र न्यायालयाने त्याच निर्णयात अशीही अपेक्षा व्यक्त केली की, शक्य असेल तेथे ही अतिरिक्त हानी हालचालीच्या किती अंशांइतकी आहे ते तपासणाऱ्याने सांगावे. ‘संध्याकाळी बाजारातून परतताना मला दोन ठिकाणी कठड्याला धरून उभे राहावे लागते’ हे सैनिकाचे वाक्य आता ऐकले जाईल; पण ते ऐकून डॉक्टर लिहील, ‘अतिरिक्त मर्यादा अंदाजे १५ अंश’. वाक्य आत आले, आणि दारातच त्याचे नाणे बदलून घेतले गेले.

त्यानंतरच्या निर्णयांचा प्रवास याच वाटेने झालेला दिसतो. मिचेल विरुद्ध शिनसेकी (२०११) मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले की, हालचालीच्या संपूर्ण पल्ल्यात वेदना होत असली तरी तेवढ्यावरून वरची टक्केवारी मिळत नाही; त्या वेदनेमुळे प्रत्यक्ष कार्यक्षमता घटली पाहिजे. कोरेया विरुद्ध मॅकडोनाल्ड (२०१६) ने तपासणीची पद्धत विस्तारली. सांधा रुग्णाने स्वतः हलविताना आणि दुसऱ्याने हलविताना, भार देऊन आणि भाराविना तपासावा, आणि दुसरा सांधा निरोगी असल्यास त्याच्याशी तुलना करावी, असे ठरले. शार्प विरुद्ध शुल्किन (२०१७) हा निर्णय आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष मोलाचा आहे. तपासणीच्या दिवशी दुखणे उफाळलेले नसल्याने त्याविषयी काही सांगणे तर्कबाजी ठरेल, असे एक ठरावीक वाक्य लिहून डॉक्टर मोकळे होत असत. दुखणे किती वेळा उफाळते, किती काळ टिकते, त्या वेळी काय करता येत नाही, हे सैनिकाला विचारा आणि त्या उत्तरावरून अंदाज द्या, असे न्यायालयाने सांगितले. विचारा, एवढे साधे क्रियापद या कायद्यात स्थिरावायला २०१७ साल उजाडावे लागले.

सॉन्डर्स विरुद्ध विल्की (२०१८) या प्रकरणात तर गुडघेच केंद्रस्थानी होते. १९८७ ते १९९४ या काळात लष्करात सेवा केलेल्या एका स्त्रीचे दोन्ही गुडघे दुखत असत. तपासणाऱ्याला तिच्या हालचालींवरील मर्यादा मान्य होत्या, परंतु त्यामागे विकृती सापडत नव्हती. विकृतीचे निदान नसेल तर नुसती वेदना म्हणजे अपंगत्व नव्हे, असा १९९९ पासूनचा दंडक होता. संघीय अपील न्यायालयाने तो मोडीत काढला. कार्यक्षमतेत घट घडवून आणणारी वेदना ही निदानावाचूनही अपंगत्व असू शकते, असे या निर्णयाने मान्य केले. क्ष-किरण चित्रात काही दिसत नाही म्हणून शरीर खोटे बोलत आहे असे होत नाही, ही गोष्ट घराघरांतील वडीलधाऱ्या बायकांना पूर्वीपासून ठाऊक होती.

या निर्णयाचे महत्त्व कमी न लेखता एक मर्यादा सांगितली पाहिजे. सॉन्डर्स निर्णयाने दार उघडले. टक्केवारी मात्र आत गेल्यावर ५२६० आणि ५२६१ या रकान्यांतूनच शोधावी लागते. १३० अंश दुमडणारा पण दुखरा गुडघा आणि ४५ अंशांवर थांबणारा गुडघा हे दोघेही बहुधा १० टक्क्यांवरच भेटतात. किमान टक्केवारीचा नियम दयाळू आहे, परंतु त्याच्या दयेपोटी खालच्या पातळीवरील सर्व तारतम्य पुसले जाते.

विशेषणाकडून चिठ्ठीकडे

अंशांच्या राज्याबाहेर एक छोटा प्रदेश होता, तो म्हणजे संकेतांक ५२५७. गुडघा निसटणे, चालताना दगा देणे, आडवा हलणे अशा अस्थिरतेसाठी तो होता. येथे कोन नव्हता, तीन विशेषणे होती : सौम्य, मध्यम, तीव्र. त्यांना अनुक्रमे १०, २० आणि ३० टक्के. या विशेषणांची व्याख्या अनुसूचीत कोठेही दिलेली नव्हती. अपील मंडळाच्या निर्णयांतून तशी स्पष्ट कबुली वारंवार आढळते, आणि मग न्याय्य निर्णय घ्यावा असे सांगून विषय पुढे नेला जातो. साहित्याच्या विद्यार्थ्यास हे ओळखीचे वाटेल. ‘तरल’, ‘प्रत्ययकारी’, ‘सशक्त’ अशा विशेषणांवर आपल्याकडील परीक्षणे वर्षानुवर्षे चालली. फरक इतकाच की त्यामुळे कोणाच्या निवृत्तिवेतनात घट झाली नाही.

विशेषणे सैल होती हे खरे, परंतु त्या सैलपणात सैनिकाच्या कथनाला वाव होता. जिन्यावर गुडघ्याने दगा दिला, महिन्यातून तीनदा पडलो, अशी साक्ष ‘मध्यम’ की ‘तीव्र’ हे ठरविण्यास उपयोगी पडे. त्याच वेळी, हा संकेतांक हालचालीच्या कोनावर आधारलेला नसल्याने वेदनेविषयीचे नियम त्याला लागू होत नाहीत, असा निर्वाळा जॉन्सन विरुद्ध ब्राउन (१९९६) मध्ये मिळाला होता. विभागाच्या विधी सल्लागाराने १९९७ मध्ये संधिवात आणि अस्थिरता यांना, व २००४ मध्ये न दुमडणे आणि सरळ न होणे यांना स्वतंत्र टक्केवारी देण्यास मान्यता दिली. लायल्स विरुद्ध शुल्किन (२०१७) ने गादीच्या इजेचाही स्वतंत्र विचार शक्य केला. एकाच गुडघ्याच्या निरनिराळ्या व्यथा निरनिराळ्या मोजता येऊ लागल्या. हा सारा विस्तार स्वागतार्हच होता.

७ फेब्रुवारी २०२१ पासून ५२५७ ची विशेषणे गेली. अस्थिरता सतत टिकून असेल तर लिगामेंट किती फाटले, शस्त्रक्रिया झाली की नाही, ती टिकली की नाही, आणि चालण्यासाठी डॉक्टरने पट्टा, काठी, कुबडी किंवा वॉकर लिहून दिला आहे की नाही, यांवर टक्केवारी ठरू लागली. पूर्ण फाटलेले, न जोडलेले वा जोडूनही निकामी झालेले लिगामेंट असेल आणि पट्टा व आधाराचे साधन दोन्ही लिहून दिलेली असतील, तर ३० टक्के. चिठ्ठीच नसेल, तर लिगामेंट पूर्ण फाटलेले असले तरी १०.

या बदलाचे समर्थन करता येते. एका शहरात ‘मध्यम’ ठरणारा गुडघा दुसऱ्या शहरात ‘सौम्य’ ठरू नये, ही अपेक्षा रास्त आहे, आणि विशेषणांपेक्षा लिगामेंटची अवस्था अधिक पडताळण्याजोगी आहे. आक्षेप आहे तो चिठ्ठीविषयी. औषधाच्या दुकानातून स्वतःच पट्टा विकत घेऊन तो दहा वर्षे वापरणारा माणूस या नियमाच्या दृष्टीने पट्टा न वापरणाऱ्यासारखाच आहे. वडिलांची जुनी काठी घेऊन चालणाऱ्याची काठी ही काठी नव्हे. लांबच्या गावी राहणारा, डॉक्टरकडे फारसा न जाणारा, सैनिकी सवयीने ‘चाललंय’ म्हणणारा माणूस येथे तोट्यात राहतो. ज्याची डॉक्टरकडे नियमित ये-जा आहे तो फायद्यात. इजेच्या तीव्रतेऐवजी उपचाराची कागदपत्रे मोजली जाण्याचा धोका यात आहे. पूर्वी विशेषण निदान सैनिकाच्या तोंडून काही ऐकून ठरत असे. चिठ्ठीला ते ऐकण्याचीही गरज नाही.

त्याच सुधारणेत कृत्रिम गुडघा बसविल्यानंतर मिळणाऱ्या १०० टक्क्यांची मुदत एका वर्षावरून चार महिन्यांवर आली. शस्त्रक्रियेचे तंत्र सुधारले, माणूस लवकर बरा होतो, हे कारण. ते बहुतांशी खरेही असावे. पण बरे होण्याची सरासरी काढताना साठी उलटलेला, दोन्ही गुडघे बदललेला, घरी एकटा राहणारा माणूस त्या सरासरीत नेमका कोठे बसतो, हा प्रश्न उरतोच.

बेरजेचे अंकगणित

टक्केवारी ठरली तरी ती साध्या बेरजेने मिळविली जात नाही. दोन्ही गुडघ्यांना प्रत्येकी १० टक्के मिळाले तर शंभरातून आधी १० वजा करून उरलेल्या ९० चे १० टक्के घेतात. उत्तर १९ येते. दोन्ही पाय बाधित असल्याने त्यात त्याच्या एक दशांशाची भर, म्हणजे २०.९, आणि अखेर जवळच्या दहाच्या पटीत २०. डिसेंबर २०२३ पासून लागू झालेल्या दरांनुसार, आश्रित नसलेल्या माजी सैनिकास १० टक्क्यांना दरमहा १७१.२३ डॉलर, २० टक्क्यांना ३३८.४९ आणि १०० टक्क्यांना ३,७३७.८५ डॉलर मिळत. आश्रितांसाठीची वाढ ३० टक्क्यांपासून सुरू होते. यावरून २० आणि ३० यांमधील रेघ किती महत्त्वाची आहे हे ध्यानात यावे.

याहून विलक्षण आहे तो अडुसष्टावा नियम. एखाद्या अवयवाच्या सर्व इजांची एकत्रित टक्केवारी, तो अवयव त्या पातळीवर कापला असता जी मिळाली असती, तिच्यापेक्षा अधिक होऊ शकत नाही. मांडीच्या मधल्या वा खालच्या तृतीयांशात पाय कापल्यास ६० टक्के. म्हणून गुडघ्याच्या साऱ्या व्यथा मिळून ६० च्या पुढे जाऊ शकत नाहीत. तर्क उघड आहे : असलेला पाय नसलेल्या पायाहून वाईट कसा असेल? परंतु रात्ररात्र ठणकणाऱ्या गुडघ्याच्या धन्याला हा प्रश्न विचारला तर तो इतका सोपा राहत नाही. नसलेला पाय दिसतो. असलेला, दुखणारा पाय सांगावा लागतो. अनुसूचीने दिसण्याला सांगण्याची कमाल मर्यादा ठरविले आहे.

एक आपल्याकडची तुलना

पुण्यात १९४४ पासून सैनिकांसाठी कृत्रिम अवयव केंद्र आहे आणि सातारा-कोल्हापूर भागातील कित्येक घरांत गुडघा धरून बसणारे माजी सैनिक आहेत. त्यामुळे हा विषय आपल्याला अगदीच परका नाही. भारतीय व्यवस्थेत वादाचा रोख मात्र वेगळ्या ठिकाणी राहिला. येथे अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी २० टक्क्यांचा उंबरठा होता. अमेरिकेत दरमहा भरपाई मिळविणारा १० टक्क्यांचा गुडघा येथे उंबरठ्याबाहेरच राहिला असता. उलट, २००१ च्या आदेशाने (१ जानेवारी १९९६ पासून लागू) टक्केवारीचे मोठे गट केले : ५० पेक्षा कमी असेल ते ५०, ५० ते ७५ असेल ते ७५, आणि त्यापुढचे १००. उंबरठा ओलांडला की २५ आणि ४० यांतील भेद संपे. त्यामुळे आपल्याकडील खटले अंशांवर फारसे लढले गेले नाहीत. इजा सेवेमुळे झाली की नाही यावर लढले गेले. भरतीच्या वेळी तंदुरुस्त म्हणून घेतलेल्या माणसाची पुढील व्याधी सेवेशी निगडित मानावी, हे सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग प्रकरणात (२०१३) ठामपणे सांगितले. सप्टेंबर २०२३ मध्ये नवे नियम आले आणि त्यांवर माजी सैनिकांच्या संघटनांनी बरीच चर्चा केली. त्यांचा परामर्श स्वतंत्र लेखातच घेता येईल. येथे एवढेच नोंदवायचे की, मोठे गट पाडण्याची आपली पद्धत ओबडधोबड असली तरी तिने सैनिकाला गोनिओमीटरच्या काट्यावर पाच-पाच अंशांसाठी झगडायला लावले नाही.

आकड्यांची बाजू

या लेखाचा सूर आकड्यांच्या विरोधात आहे, असा समज होऊ नये. आकडा नसता तर मर्जी असती, आणि मर्जीचा इतिहास माजी सैनिकांच्या बाबतीत फारसा उजळ नाही. अमेरिकी कायद्यात सैनिकाच्या बाजूने झुकणाऱ्या गोष्टीही आहेत : पुरावा समसमान असेल तर संशयाचा फायदा त्याला मिळतो; दोन टक्केवारींपैकी कोणती लावावी असा प्रश्न पडला आणि स्थिती वरचीकडे अधिक झुकत असेल, तर वरची लावतात; आणि जँड्रो विरुद्ध निकलसन (२००७) मध्ये संघीय न्यायालयाने हेही मान्य केले की, पाय मोडल्यासारखी साधी गोष्ट सांगायला माणूस डॉक्टर असावा लागत नाही. म्हणून दोष कायद्याच्या हेतूत शोधणे अन्यायाचे होईल. तो त्याच्या व्याकरणात आहे. हेतू सैनिकाचे ऐकण्याचा आहे, पण वाक्यरचनेत कर्ता नेहमी सांधा असतो, सैनिक नव्हे.

२०२५ मधील इन्ग्रॅम विरुद्ध कॉलिन्स या निर्णयाने ही अडचण अगदी वेगळ्या बाजूने पुढे आणली. ज्या संकेतांकात औषधाचा उल्लेख नाही, तेथे औषधामुळे मिळणारा आराम वजा करून मूळ दुखण्याची तीव्रता ठरवावी, असे माजी सैनिकांच्या अपील न्यायालयाने स्नायू व सांध्यांच्या दाव्यांबाबत म्हटले. जोन्स विरुद्ध शिनसेकी (२०१२) या निर्णयातील तत्त्वाचाच हा विस्तार. गुडघ्याला तो लावून पाहिला तर काय होते? तपासणीच्या सकाळी गोळी घेऊन आलेल्या माणसाचा गुडघा ११० अंश दुमडतो. गोळी न घेता तो किती दुमडला असता, हे गोनिओमीटर सांगू शकत नाही. क्ष-किरण चित्र सांगू शकत नाही, आणि चिठ्ठीवरही ते लिहिलेले नसते. गोळी संपलेल्या दिवशी तो जिन्याच्या कितव्या पायरीवर थांबतो, हे सांगू शकणारा एकच माणूस त्या खोलीत असतो, आणि तो तपासणीच्या टेबलावर पाय लांब करून बसलेला असतो.